आत्याची उभी खूण

टोकन सत्तावीस. कुणाची तरी विसरलेली छत्री. दहा मिनिटं पुढे धावणारं घड्याळ. माझ्या मागच्या बाकावर एक आत्या आणि याच दवाखान्यात नव्या औषधाच्या चाचणीची आकडेमोड करणारा तिचा भाचा.

“ठणठणीत माणसानं दर तीन महिन्यांनी इथं येऊन करायचं काय रे?”

“आत्या, चार तपासण्या चुकवल्यास. आमच्या कागदावर तू दोन वर्षांवर थांबलीस.”

“म्हणजे मेले?”

“छे! आलेखावर जिन्यासारख्या दोन रेषा असतात, नव्या औषधाचा एक जिना, जुन्याचा दुसरा. कुणी गेलं की त्या गटाची रेषा पायरीभर उतरते. तुझी रेषेवर नुसती बारीक उभी खूण आहे. इथपर्यंत जिवंत, पुढचं माहीत नाही.”

“माहीत नाही कसं? दर रविवारी माझ्याकडे जेवतोस की!”

“जेवण धरत नाहीत, तपासणीची नोंद लागते.”

“आणि माझ्यावाचून काय अडलंय तुमचं?”

“दोन जिन्यांतला फरक औषधामुळे की योगायोगानं, ते तपासायचंय. बरी असलेली माणसंच यायची थांबली, तर चांगलं औषधही वाईट दिसतं.”

“बायकोलाही असंच बोलून पटवलंस का?”

“आत्या, तपासून घे ना गं!”

“घेतलं, तर खूण कुठवर सरकेल?”

“आजपर्यंत.”

“बघते. आधी चहा पाज.”

तपासणीला आलेल्यांच्या वहीत मी तिच्या मागोमागच सही केली होती; माझ्या वरची सही तिची होती, सकाळी आठची.