ती घसरली नव्हती

मी दिघोरीचा, धानाचा माणूस. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या साली माझं लग्न झालं, शेवंता आली. घरात आई, मी अन् ती. आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, बायाच करतात, आज त्यांच्या बांदीत, वावराच्या तुकड्यात, आपल्या घरची बाई, उद्या आपल्या बांदीत त्यांच्या बाया, असं चालते. तुमच्या घरची नाही गेली, तर तुमचे पऱ्हे, धानाची रोपं, तसेच राह्यले समजा.

काय सांगू तुमाले, शेवंताले सहावा महिना होता, जुळे आहेत म्हणून लाखांदूरच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं, अन् आईनं गावभर दोन नातू दोन नातू करून ठेवलं होतं. आमच्याच बांदीत रोवणा चालू होता. ती माझ्याजवळ आली, हळूच म्हणते, पोट कडक होऊन राहिलं, दवाखान्यात चला. बाया उद्या दुसरीकडे जाणार होत्या. मी म्हटलं, एवढी बांदी होऊ दे. ती परत ओळीत जाऊन वाकली. बांदी झाली, तवा आम्ही एसटी पकडली. लाखांदूरहून भंडाऱ्याले धाडलं. दोघंही पोरगे होते, दोघंही गेलेले. नर्सबाईनं एकाच टॉवेलात दोघं माझ्या हातात दिले. डॉक्टर म्हणे, रोवण्यानं झालं असं नाही, जुळ्यात होते कधी, पण दुखल्याबरोबर आणाचं होतं. ते डॉक्टरचं बोलणं मी घरी सांगतलंच नाही. आईनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, बस पकडाले जाताना धुऱ्याच्या बांधावरून घसरली.

झालं. सहा वर्षं आई तिले म्हणे, पाय पाहून टाकता येत नाही, दोन नातू घालवले. ओटीभरणाले तिले कोणी बोलावत नव्हतं. शेवंता माझ्याकडे नुसती पाहे. ती भांडली असती तर मी सुटलो असतो, पण ती भांडली नाही, एकदाही नाही.

मग पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात रोवणा आला, माझ्या काकूच्या बांदीत. मी तिले घरी ठेवलं अन् तिच्या जागी मीच चिखलात उतरलो. बाया हसून हसून लोटपोट. एक म्हणे, भाऊजी, लुगडं तरी नेसून याचं होतं. काकू म्हणे, याची ओळ पाहा, साप गेल्यासारखी. धुऱ्यावर आई बसली होती, ती म्हणते, काय करीन बिचारा, बायको घसरते त्याची.

मी उभा राह्यलो.

"ती घसरली नव्हती, माय. दवाखान्यात चला म्हणत होती, मीच थांबवलं. अन् मीच खोटं बोललो."

मग काकूच म्हणे, "वाक आता, तुझी ओळ मागं राह्यली."

आई उठली, तशीच घरी गेली. मी पोचलो तं शेवंताची ओटी भरून झाली होती, आई तिच्या पायापाशी बसली होती. शेवंता मले म्हणते, "सहा वर्षं लागले तुमाले." अन् हसली. सहा वर्षांत पहिल्यांदा हसली.

पोरगी झाली, धडधाकट. आता बारावीले आहे, मलेच दटावते. त्या पोरांची आठवण येते, येणारच, पण आता आम्ही दोघं मिळून काढतो. अन् आमच्या गावात जिले दिवस असतात तिच्या जागी तिचा नवरा रोवते, पहिले बाया आमच्या कामाचा अर्धाच दिवस धरत, आता पुरा धरतात. यंदा तिघं जण होते माझ्या बाजूले, तिघांच्याही ओळी वाकड्या. बाया हसत होत्या. हसू द्या. पाळणे भरले राहो त्यांच्या घरचे.