गेरू लावलेला ड्रम

(अकोटजवळचं शेत. तुबा दोन दिवसांनी अमरावतीहून परतली आहे. पुंजाराम तिच्या अब्बांच्या शेतात वीस वर्षांपासून राबतो.)

तुबा : सगळा ड्रम ओतला? काका, सगळा?

पुंजाराम : मंग काय अर्धा ठेवू? रविवारी तुहे अमरावतीचे पाहुने पैशे देऊन शेतावर जेवाले येतीन, वाफा हिरवागार दिसला पायजे. तू गेली त्याच दिशी ओतलं. पानी न टाकता.

तुबा : जाऊन पाहा तो हिरवागार वाफा. गवती चहा पिवळा पडला, कुलिंजनाची पानं करपली.

पुंजाराम : तेच तं मले समजून नाही राहिलं. मासोळीच्या खतानं पीक करपते काहून?

तुबा : कारण ते खत नव्हतं!

पुंजाराम : मासोळीच तं होती.

तुबा : खतात मासोळी अन् गूळ असतो. यात मासोळी अन् मीठ होतं. तीन किलोला एक किलो मीठ. प्राहोक होतं ते. खायचं.

पुंजाराम : खायाचं? आता गं माय! मी नाक दाबून ओतलं, अन् तू म्हनतं खायाचं?

तुबा : कंबोडियात त्याच्याशिवाय कालवण होत नाही. वर्षभर राहिले ना मी तिथल्या शेतावर? सोखाआजीनं हाताला धरून शिकवलं. इथं आठ महिने मुरवलं, काका. आठ महिने! आता रविवारी पाहुण्यांना काय वाढू, वरण-भात?

पुंजाराम : मंग खायाची चीज खताच्या ड्रमात काहून ठेवली?

तुबा : चांगला घासून घेतला होता तो.

पुंजाराम : पट्टा होता त्याच्यावर गेरूचा. ज्याले गेरू, ते शेताचं. हे कोनं ठरवलं? तुनंच. दोन वर्षं झाले, मी गेरू पाहूनच ड्रम उघडतो.

तुबा : पट्टा पुसायचा राहिला.

पुंजाराम : राहिला! अन् बोलनं मी खाऊन राहिलो.

तुबा : चूक माझीच आहे, पण राग येतो ना! अब्बांना काय सांगू? रविवारचं जेवण जमलं नाही, तर सारं शेत पुन्हा फवारणीच्या कपाशीखाली जाईल. अब्बांपाशी तसं कबूल करून बसले मी.

पुंजाराम : मले काय हौस हाये? पंप पुन्हा पाठीवर मीच घीन ना, तुहे अब्बा थोडीच घेतीन! मागच्या टायमाले आठ दिवस डोये उघडले नोते माहे.

तुबा : माहीत आहे.

पुंजाराम : काय माहीत हाये? आमी महानुभाव, रिद्धपूरले जानारे. जन्मात मासोळीले हात नोता लावला. मासोळीचे ड्रम आजवर तूच हलवत होती. तू नोती, पाहुने येनार, मनून लावला हात. झारीच्या छेदात काटे अडकून राहिले होते, तं एक एक झारी गाळत बसलो...

तुबा : थांबा. गाळलं तुम्ही?

पुंजाराम : मंग! त्याबिगर झारी चालते का?

तुबा : अन् चोथा?

पुंजाराम : बादलीत हाये, झाकून ठेवला. लिंबाच्या बुडाशी टाकनार होतो.

तुबा : या अल्लाह! काका, खायचा तोच असतो! तुम्ही वरचं खारं पाणी ओतलं नुसतं. बादली कोणती?

पुंजाराम : प्याच्या पान्याची. आता कोनी पेत नाही त्यातलं.

तुबा : मग जमेल. कालवणात घालायचे कुलिंजनाचे कंद आजच खणून काढू, रविवारपुरते निघतील. वाफा मात्र गेला. वर्षभराचं काम पुन्हा करायचं... गाळायला फडकं कोणतं घेतलं होतं? रंग तर नाही ना उतरला?

पुंजाराम : रंग कुठचा? पांढरा दुपट्टा माहा. खांद्यावर होता तोच घेतला.

तुबा : रिद्धपूरला घालून जाता, तो?

पुंजाराम : चारदा धुतला, पोरी. वास जात नाही.