नळी उघडत नाही

(फोनवर. शंतनु व्हाइटफील्डच्या लॅबमध्ये, पवित्रा मारतहळ्ळीला घरी.)

शंतनु : ...तीनदा ट्राय केलं, यार. पाणी बरोबर सदतीस डिग्री. नळी तशीच मिटून पडलीय. आत सगळे वाट बघतायत.

पवित्रा : मग मला कशाला सांगालायस?

शंतनु : कारण डिझाइन तुझं आहे.

पवित्रा : असं होय? पेटंटच्या अर्जात तर तुझं एकट्याचं नाव हाय. मी निपाणीत बाबांच्या बाराव्याला, आणि इकडं तू माझी फाइल घेऊन मोकळा.

शंतनु : डेडलाइन होती गं. प्लीज, ते परत नको.

पवित्रा : वर सगळ्यांना सांगितलंस, पवित्रा फक्त थ्रीडी प्रिंटर चालवायची. प्रिंटर चालवणारीला काय कळतंय?

शंतनु : काय हवंय तुला?

पवित्रा : स्पीकर लाव. सगळ्यांसमोर सांग, नळी कुणी केली.

शंतनु : वेडी आहेस का? माझं करिअर संपेल.

पवित्रा : सरी, राहू दे मग. ठेवते फोन.

शंतनु : थांब! ...आत जाऊन लावतो. ...सर, एक मिनिट. लाइनवर पवित्रा आहे. ही नळी... तिनं डिझाइन केलीय. मी नाही.

पवित्रा : मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नसंल.

शंतनु : पवित्रानं केलीय! बास?

वासुदेव : पवित्रा, मी डॉक्टर वासुदेव, लहान मुलांचा सर्जन. का उघडत नाहीये ही?

पवित्रा : डॉक्टर, छापल्यावर तिला दोन दिवस उबेत, गोल साच्यावर ठेवावं लागतंय. तेव्हा कुठं गोल आकार अंगात मुरतो. यानं लगेच घडी घातली असणार. आता ती घडीच लक्षात ठेवणार.

शंतनु : दोन दिवस? म्हणजे आज काहीच होणार नव्हतं? आणि तरी मला बोलायला लावलंस?

पवित्रा : होय की. मुद्दाम लावलं. सहा महिने या फोनची वाट बघितली मी.

वासुदेव : तुमचं भांडण नंतर. इथे एक आई बसलीय. तिच्या आठ महिन्यांच्या बाळाची श्वासनळी सारखी मिटते. त्यात घालायची ही नळी अंगाच्या उबेनं आत उघडते, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. आता ऑपरेशनच नको म्हणतेय.

पवित्रा : ...तिला थांबवा, डॉक्टर. माझी पहिली नळी हाय माझ्याजवळ. मुरलेली. तासाभरात पोचते.

वासुदेव : या. थांबतो आम्ही.

पवित्रा : शंतनु, तू गेटवर येऊन उभा राहा.

शंतनु : मी कशाला? सिक्युरिटी आहे ना.

पवित्रा : सिक्युरिटी मला आत सोडत नाही. माझं कार्ड तूच बंद केलंयस.