सोळा तास तोंडाला कुलूप

रक्त तपासायच्या रांगेत शिवणकामवाल्या बाईंचा नंबर शेवटचा होता. पुढच्या बाकावर एक नवराबायको बसले होते आणि बाईंचे कान काही बंद होईनात.

"सोळा तास तोंडाला कुलूप! वय उलटं फिरतं, बघच तू."

"आणि उरलेले आठ तास?"

"तेव्हा खातो की."

"खाता? तासातासाला ताट लागतं तुम्हाला. मी ओट्यापासून हलत नाही. माझा घास राहतो तसाच."

"मग बरंच आहे की! तुझाही उपास आपोआप होतो."

तेवढ्यात नर्सनं दारातून डोकं काढलं.

"आजी, तुमच्या मुलाला आत पाठवा."

"ऐकलंस? ऐकलंस ना?" नवरा टुणकन उठला.

"ऐकलं. जा, बाळा. आणि घरी गेल्यावर आपलं ताट आपण वाढून घे. आई दमलीय."