शनिवारचा हिरवा ठिपका

— वाजतोय तो त्यांचाच कंपनीचा फोन आहे साहेब, बरोबर ओळखलंत, मी कुठे नाही म्हणते — थांबा, आधी आवाज बंद करते, पोरगी उठेल — आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा, झोळीची दोरी सोडली की लगेच किंचाळते. हं. विसरून गेलेत हे. सकाळी डबा घेतला, बॅग घेतली, हेल्मेट घेतलं आणि फोन तेवढा तांदळाच्या डब्यावर राहिला — माणूस विसरतो की कधीतरी, नाही का? तुम्ही बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे, इथं कॉटवर बसा, चादर सकाळीच बदललीय. तुम्ही सहाला येणार असं म्हणाले होते हे, आत्ता तर चार पण नाही वाजले, नाहीतर घर असं दिसलं नसतं. पोहे भिजवून ठेवणार होते. चहा टाकू? टाकतेच. स्वयंपाकघर इथंच आहे, मध्ये नुसता पडदा, मी बोलत बोलत करते.

त्यांचा स्वतःचा दुसरा फोन आहे, त्यावर केला होता मी त्यांना, तुम्ही खाली गाडी लावत होतात तेव्हाच. गव्हाण फाट्याला कंटेनरच्या रांगेत अडकलेत, पण येतात म्हणाले. त्यांनी मला सगळं समजावून ठेवलंय साहेब — तुमच्या औषधकंपनीत एरिया मॅनेजर करायच्या आधी मोठे साहेब घरी येतात, घरच्या बाईशी बोलतात, कागदावर तिची सही घेतात. बाई कुरकुरी निघाली तर माणूस बाहेरगावी टिकत नाही, म्हणून. खरं सांगू? मला बघायला पाहुणे कोनला, माझ्या माहेरी, आले होते तेव्हासुद्धा आमच्याकडे एवढी तयारी नव्हती. तेव्हा कोण काय प्रश्न विचारील ते माहीत नव्हतं, आज उत्तरंच पाठ करून बसलेय. तीन आहेत. एक — बदलीला आमची तयारी आहे, कुठंही. दोन — घरची काही अडचण नाही. तीन — कंपनीमुळे आम्हाला चांगले दिवस आले. झालं. साखर किती घालू?

काय? आजचे? आजचे सात — बघू. हां, आमच्या फोनमध्ये पण हे असंच दिसतं, पनवेलचा नकाशा आणि त्यावर हिरवे ठिपके. सात डॉक्टर झालेत आज दीडपर्यंत, असं दाखवतोय तुमचा फोन. मग? चांगलंच आहे ना — नाही, पण फोन तर — हं. फोन तर तांदळाच्या डब्यावर.

दूध उतू गेलं बघा. बोलण्याच्या नादात. थांबा, फडक्यानं पुसून घेते.

विसरले नव्हते ते. मीच आणला परत दवाखान्यांतनं. आता घ्या, सांगितलं.

तुम्ही रागावू नका, आधी ऐका. त्यांचे आधीचे मॅनेजर सोडून गेले त्याला आता नववा महिना. खुर्ची रिकामी आहे, कंपनी म्हणाली, प्रणित, तू बघ, करून दाखव, मग देऊ. तुम्हीच म्हणाला असाल, मला काय माहीत, साहेब म्हणाले एवढंच हे मला सांगतात. मग करून दाखवायला लागले. हाताखाली चौघं — एक उरणला, एक पेणला, एक कर्जतला, आणि एक खारघर-बेलपाड्याकडे — रोज एकाबरोबर फिरायचं, त्याला शिकवायचं, त्याचा डॉक्टर रागावला तर ह्यांनी हात जोडायचे. आणि पनवेलचे स्वतःचे दहा डॉक्टर रोजचे, ते कुठे सुटलेत? ते पण आहेतच. आता एक माणूस उरणला पण आणि पनवेलच्या बाजारात पण — कसा उभा राहील? तुम्ही सांगा.   पहिले दोन महिने हे रात्री येऊन जेवायचे पण नाहीत, नुसते फोनकडे बघत बसायचे, म्हणायचे, पनवेल लाल दिसतंय, डॉक्टर राहिलेत म्हणून पनवेल लाल दिसतंय. मीच म्हटलं, अहो, त्या फोनला माणूस कळतो का? तर म्हणाले, नाही, जागा कळते, दवाखान्याच्या जवळ गेलं आणि बटण दाबलं की झालं. मी म्हटलं, मग फोनच न्यायचा आहे ना, मी नेते. नको म्हणाले ते. दोन दिवस नको नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी डबा भरताना फोन ओट्यावर ठेवून गेले. मी तो उचलून पिशवीत टाकला.

तेव्हापासून रोज. रेवाला कडेवर घ्यायचं, पाण्याची बाटली, तिची टोपी, आणि निघायचं. उरण नाक्याकडून सुरू करायचं, मग एसटी स्टँडमागचे दोन, मग बाजारातले. बाकावर पेशंटसारखं बसायचं, बटण दाबायचं, ठिपका हिरवा झाला की पाच मिनिटं थांबून उठायचं — लगेच उठलं तर कंपाउंडरला संशय येतो. बायका विचारतात, काय झालंय बाळाला? मी म्हणते, काही नाही, दाखवायचंय नुसतं. रोज खोटं, आणि ते पण लेकराच्या नावानं. चहा घ्या, गार होतोय.

शनिवार? कुठला शनिवार?

थांबा. दाखवा परत. सॅम डॉक्टर, मागचा शनिवार, सकाळी अकरा. हां — हिरवा आहे. मग त्यात काय —

तुम्हाला कसं माहीत? शनिवारी त्यांचा दवाखाना बंद असतो ते तुम्हाला कसं — अच्छा. तुम्ही स्वतः केलंय पनवेल, बॅग घेऊन. वीस वर्षांपूर्वी. म्हणजे तेव्हापासून बंदच असतो. मग म्हणून आलात तुम्ही चारला. सहाला नाही आलात.

आता कळलं मला. यांची काही चूक नाही त्यात साहेब, ती माझी चूक. सॅम डॉक्टरांचा वार यांनी शुक्रवार लिहून दिलाय, दर आठवड्याला शुक्रवारीच जाते मी. शुक्रवारी रेवाला ताप होता, मी घराबाहेरच पडले नाही, म्हटलं उद्या एकदम दोन्ही दिवसांचे करू. शनिवारी गेले तर शटर खाली. मी विचार केला, उशिरा उघडत असतील, म्हातारे आहेत ते. पायरीवर बसले. समोरचा भांड्यांचा दुकानवाला म्हणाला, ताई, ते ज्यू आहेत ना, शनिवार पाळतात, सूर्य बुडेपर्यंत काही काम करत नाहीत, अख्ख्या पनवेलला माहीत आहे. अख्ख्या पनवेलला माहीत आणि मला नाही. मी कोनची, मला कोण सांगणार? पण फोनला तरी कुठं माहीत होतं! फोन म्हणाला हिरवा. मी पायरीवर बसलेय, शटर बंद, आत डॉक्टर नाही, औषध नाही, आणि फोन म्हणतोय कॉल झाला, म्हणजे डॉक्टर भेटले. हसू आलं मला. खरंच हसले मी. रेवा पण हसली, मी हसले म्हणून.

यांना सांगितलं नाही मी ते. आधीच एवढं असतं त्यांच्या डोक्याला.

नाही, नुसतीच बसत नाही मी सगळीकडे. सॅम डॉक्टरांकडे तर नाहीच. श्रावणातली गोष्ट असेल — मी नेहमीसारखी बसले तर ते स्वतः बाहेर आले, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, काय गं पोरी, दोन महिने बघतोय, येतेस, बसतेस, नंबर लावत नाहीस, औषध नेत नाहीस, तू माझ्याकडे करतेस तरी काय?  ह्यांची कॅल्शियमच्या सिरपची, डॉक्टरांपुढे बोलायची चिठ्ठी होती पिशवीत, ती काढली आणि जसं हे आरशासमोर म्हणतात ना तसं धडाधड म्हणून टाकलं — गुड मॉर्निंग डॉक्टर, आणि पुढचं सगळं. सातवी शिकलेय मी साहेब. नाव कादंबरी ठेवलं बापानं, पण सातवीनंतर हायवे ओलांडून शाळेत पाठवलं नाही. पण वाचता येतं मला. तीन-तीनदा वाचलं की पाठ होतं. डॉक्टर ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, हे सगळे हेच सांगतात, तू मला एक सांग, पोरं हे पितात का? मी म्हटलं, रिकाम्या पोटी दिलं तर ओकतात, आमच्या रेवानं ओकलं, यांच्या बॅगेतलंच दिलं होतं तिला. जेवल्यावर दिलं तर पितात, आणि बाटलीचं झाकण घट्ट आहे, एका हातात पोर असलेल्या बाईला ते उघडत नाही, ते कंपनीला सांगा. ते खो खो हसले. म्हणाले, बस. तेव्हापासून ते आमचं सिरप पेशंटना लिहून देतात. मग त्यांनीच बालरोगवाल्या दमयंती मॅडमना सांगितलं की एक बाई येते, खरं बोलते, म्हणून त्यांच्याकडे पण जाते. त्या मला पुढचा नंबर देतात.

काय म्हणालात? श्रावणापासून पनवेलचा खप वाढला? तुमच्या कागदावर तसं आहे? आणि त्यावरूनच यांचं नाव वर गेलं —

असं नका बघू माझ्याकडे. मी काही मोठं काम नाही केलं. मला तर एवढंच वाटत होतं की लाल दिसू नये.

एक सांगू? उघडच पडलंय तर सांगते. मला नाय आवडत तिथं बसायला. माझी पोर धडधाकट असताना मी तिला रोज दहा दवाखान्यांत नेते साहेब. खोकणाऱ्या, शिंकणाऱ्या, अंगावर पुरळ उठलेल्या पोरांच्या मधोमध. घरी कुणी नाय ठेवायला — सासू गावी, शेजारच्या विनिताताई नोकरीला. पावसाळ्यापासून तीनदा ताप आलाय तिला. तीनदा. सॅम डॉक्टर म्हणाले, पोरी, तुझ्या मुलीला आजार नाही, तिला तुझ्या नवऱ्याची नोकरी बाधलीय. मी यांना नाय सांगितलं ते पण. किती गोष्टी नाय सांगितल्या आमी एकमेकांना ह्या नऊ महिन्यांत. ते घरी येतात तेव्हा ती झोपलेली, जातात तेव्हा ती झोपलेली. परवा रविवारी उचललं त्यांनी तिला तर माझ्याकडे हात करून रडायला लागली, जसं काही परका माणूस हाय.  खाली ठेवलं तिला अलगद आणि लॅपटॉप उघडला.

आणि मागच्या आठवड्यात खाली गाडीवर बसून होते अर्धा तास. इंजिन बंद, हेल्मेट डोक्यावर. मी खिडकीतनं बघतेय, आत्ता येतील, आत्ता येतील. शेवटी खाली गेले. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, जरा वेळ मी कोणाचाच कोणी नाही, असं बसू दे मला. मी बाजूला उभी राहिले. दुसरं काय करणार?

त्यांना साहेब व्हायचंय, हे पण खरं आहे. खोटं नाही बोलत. बॅग घेऊन डॉक्टरच्या दाराबाहेर तासतास उभं राहिलेला माणूस आहे, त्याला एकदा तरी खुर्चीवर बसायचंय. बहिणीला, सासऱ्यांना, सगळ्यांना सांगून झालंय. नवीन व्हिजिटिंग कार्डं कशी असतील ते कागदावर काढून ठेवलंय, त्या कपाटात आहे. मी बघितलं तेव्हा पटकन पुस्तकाखाली सरकवलं, लहान पोरासारखं.

कागद आणा इकडे. कुठे करायची सही? इथं, पत्नीच्या नावापुढे? हं. ही केली. कादंबरी प्रणित — अक्षर बरं आहे ना माझं? माझी तयारी आहे, लिहिलंय त्याप्रमाणे. आता तुमची.

नाही करत?

करा ना. एवढं ओळखीचं पनवेल तुमचं. तुम्हीपण कधी उभे राहिला असाल की ह्या गल्ल्यांतनं. तुम्हाला कधी नव्हतं दोन ठिकाणी असावं लागलं? ... होतं ना. मग तुमच्या घरात फोन नेणारं कोण होतं?

बरं. नाही विचारत.

पेनाला टोपण लावलंत. कळलं मला, यांची खुर्ची गेली.

नाही, रडत नाही मी, धूर आहे गॅसचा — गॅसला कुठे धूर असतो म्हणा. मला वाटलं होतं हे कळलं की छातीत काहीतरी होईल. काहीच झालं नाही बघा. उलट हा खांदा आहे ना डावा, ज्याच्यावर रेवा असते, तो खाली आल्यासारखा वाटतोय. उद्या मला कुठे जायचं नाही. हेच पहिलं आलं मनात. यांचं नंतर आलं. कशी बाई आहे मी —

थांबा. ऐकलंत? गाडी. तीच, सायलेन्सर फुटलाय तिचा. जिना चढायला त्यांना दीड मिनिट लागतं, पेढे घेऊन येतो म्हणाले होते.

उठू नका! बसा. तो कप हातात घ्या, रिकामा असला तरी घ्या. कागद बॅगेत ठेवा, फोन तिथंच तांदळाच्या डब्यावर राहू दे. त्याला हसत आत येऊ दे. तो बॉक्स पुढे करील, त्यातला एक पेढा खा तुम्ही, पूर्ण खा — आणि मग सांगा प्रणितला काय सांगायचंय ते.

आता बोलू नका. आला.