किसनसिंग जमादारांनी ढकललेली गाडी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय ठाणेदार साहेब, व्यासपीठावर विराजमान शांतता समितीचे सन्माननीय सदस्य, आजचे सत्कारमूर्ती हवालदार श्री. किसनसिंग राठोड, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. दुर्गाबाई, समस्त पोलीस बांधव आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मी विजयमाला दौलतराव इंगोले. शिरपूर रस्त्यावरच्या आमच्या गावातून मुलींना इथल्या शाळा-कॉलेजात आणते आणि परत नेऊन सोडते. गाडी मीच चालवते. ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होते, त्यामुळे माइकची भीती नाही. पण पोलिसांच्या कार्यक्रमात फिर्यादीला भाषणाला उभं करतात, हे आजच पाहिलं. हा मान दिल्याबद्दल आयोजकांची मी ऋणी आहे. पुढच्या दहा मिनिटांत त्यांना पश्चात्ताप झाला, तर त्याची जबाबदारीही मीच घेते.

माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांनी सांगितलं, की किसनसिंग जमादारांची चौतीस वर्षांची सेवा निष्कलंक आहे. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण ते खरं नाही हो. त्यांच्या सेवापुस्तकात एक ठपका आहे. तो माझ्या गाडीपायी लागला, म्हणून तो सांगण्याचा हक्कही माझाच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाची दाट तिथी होती. बायपासवरच्या मंगल कार्यालयात आमच्या नात्यातलं लग्न. मी आणि आमचे हे आमच्याच इकोनं आलो. कार्यालयाचं आवार भरलेलं, म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला लावली, लॉक केली, आत गेलो. पानात बुंदी पडते न पडते, तोच माइकवरून पुकारा झाला. एमएच सदतीस, पांढरी इको, वाहतुकीला अडथळा होत आहे, ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब काढावी.

आता आपणच सांगा, जेवणाच्या पंगतीतून पहिल्या पुकाऱ्याला कोण उठतं? मी तिसऱ्याला उठले, हात धुतले, बाहेर आले. जागा रिकामी. बंदोबस्तावर हेच जमादार उभे होते, घाम पुसत.

मी विचारलं, "जमादार, माही गाडी?"

"गेली ना बाई. तुमचा माणूस घेऊन गेला. बॅटरी उतरली होती, मीच ढकलून देल्ली."

"माहा माणूस तं आत जेवून राह्यला!"

त्या क्षणी जमादारांचा चेहरा जसा झाला, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. झालं असं होतं, की पुकारा ऐकून एक जण पुढे आला होता. कुठल्याशा दुसऱ्या चावीनं त्यानं दार उघडलं, गाडी काही सुरू होईना. जमादारांनी वराकडचे दोन पाहुणे हाताशी घेतले, स्वतः मागून धक्का दिला, शिट्टी वाजवून समोरचा ट्रॅक्टर थांबवला आणि गाडीला वाट करून दिली. आजचा समारंभ सोडला, तर आपल्या तालुक्यात कोणाला इतका सन्मानाचा निरोप मिळाला नसेल.

पुढे काय होतं, ते वाहन चोरीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या सभागृहात असे किती जण बसलेत, मोजत नाही. पूर्वी मोटारसायकली जायच्या, आता पिकअप आणि इको जातात. लग्नाच्या दारातून जातात, बाजार समितीसमोरून जातात. जमादारांनीच मला समजावलं, की चोराला नवी गाडी नको असते. नव्या गाडीत मशीन असतं, ते ती कुठे आहे ते सांगतं. जुनी गाडी मुकी. दोन दिवसांत तिचे तुकडे होतात.

गाडी एकाची जाते आणि चौकशी त्याचीच होते, हेही मी शिकले. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, लॉक केली होती का? जेवायला एवढा वेळ कशाला लागला? बाईमाणसानं गाडी चालवायचीच कशाला? आताचे ठाणेदार साहेब मागच्या वर्षी आले, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. मग विमा कंपनीचा माणूस आला. तो म्हणाला, दोन्ही चाव्या दाखवा. मी दोन्ही ठेवल्या पुढ्यात. तर म्हणतो, "दोन्ही तुमच्याजवळ आहेत, मग गाडी गेली कशी?" एक दाखवली असती, तर दुसरी चोराला दिली म्हणाला असता. आणि ठाण्यात मला प्रेमानं सांगण्यात आलं, "बाई, चोरी कायले लिहिता? गहाळ लिहा." गहाळ! छत्री गहाळ होते, रेशनकार्ड गहाळ होतं. सात माणसं बसतात ती गाडी कुठे गहाळ होते?

तिसऱ्या दिवशी सकाळी किसनसिंग जमादार साध्या कपड्यांत आमच्या घरी आले. चहाला नाही म्हणाले. उभ्याउभ्याच बोलले, "बाई, गहाळवर सही करू नका. गाडी मी ढकलली. तसा जबाब मी लिहून देतो."

आमचे हे म्हणाले, "काहून आपल्या पायावर धोंडा पाडून घेता जमादार? आठ दिवसांत लोकं विसरतीन."

तेव्हा ते खाली बसले. म्हणाले, "दौलतराव, मागच्या काचेवर 'शालेय विद्यार्थिनी' लिवलेलं होतं. माहा हात त्याच अक्षरांवर होता. जिंदगीभर लोकांले विचारत आलो, कोण, कुठचा, कागद दाखव. त्या दिवशी नाही विचारलं. काहून? तं त्याचा शर्ट इस्त्रीचा होता, अन् त्यानं मले साहेब म्हटलं."

त्यांनी जबाब दिला. त्या जबाबावर चोरीचा गुन्हा नोंदला गेला, नाहीतर माझा अर्ज आजही गहाळच्या फाईलीत गहाळ असता. त्या बदल्यात यांना काय मिळालं? कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका. यादीत नाव लागलेली बढती गेली. आज ते जमादार म्हणूनच घरी चालले आहेत. मघाशी दुर्गाबाईंना मी विचारलं, वाईट वाटतं का? त्या म्हणाल्या, "त्या दिवसापासून जेवले नव्हते ते. जबाब देऊन आले अन् चार भाकरी खाल्ल्या."

माझी गाडी गेली, पण नुकसान एकटीचं झालं नाही. दोन फेऱ्यांत मी अकरा मुली आणत होते. एसटी आमच्याकडे अकराला येते, तोवर इथे शाळेचे तीन तास होऊन जातात. सात मुलींनी काही ना काही सोय केली. चार घरी बसल्या. त्यातली इफ्रा दहावीला होती. तिचे वडील अन्सारभाई वेल्डिंगचं काम करतात. ते म्हणाले, जीपच्या पायदानावर लटकून पोरगी जाणार नाही. चूक म्हणू का त्यांना? मी तरी पाठवली असती का?

परीक्षेच्या पहिल्या दिवशी जमादार मोटारसायकल घेऊन त्यांच्या दारात उभे. इफ्राची आजी रहमतबी बाहेर आल्या. "पुलिसवाले हो तो क्या हुआ? मैं भी चलूंगी." मग काय? पुढे जमादार, मधे इफ्रा, मागे रहमतबी. प्रत्येक पेपरला हे असेच चौदा किलोमीटर आले. पोलिसाच्या गाडीवर ट्रिपल सीट. ठाणेदार साहेब, हे वाक्य आपण ऐकलं नाही असं समजावं. इफ्रा आज बारावीला आहे, ती बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे.

दहा महिन्यांनी गाडी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका भंगाराच्या आवारात सापडली. गाडी कसली, टपच म्हणा. इंजिन नाही, चाकं नाहीत, काचा नाहीत. ओळख पटवायला मला नेलं. छताला आतून पोरींनी टिकल्या चिकटवल्या होत्या, लाल, हिरव्या, चंदेरी. तेवढ्या कोणी काढून नेल्या नव्हत्या. मी तिथे उभी राहून रडले. जमादार दुसरीकडे तोंड करून पंचनामा लिहीत राहिले. ज्याला पकडलं, तो जामिनावर आहे. तो तारखेला वेळेवर येतो. माझी मात्र प्रत्येक तारखेला मुलींची फेरी चुकते.

विम्याचं काम वर्षानं मार्गी लागलं. जुनीच पण चालती गाडी घेतली, मुली पुन्हा येऊ लागल्या. सगळं ठीक झालं, असं म्हणून मी खाली बसले असते. पण निकिता राहिली.

निकिता बारावीला होती, वर्गात पहिल्या पाचांत. गाडी गेली आणि ती घरी बसली. घरी बसलेली पोरगी दिसली की लोकांना स्थळं सुचतात. तिला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि पंधरा दिवसांत कामरगावचं स्थळ आलं. बारावीचा पहिला पेपर होता, त्या दिवशी तिला हळद लागली. मी अक्षता टाकायला गेले होते. ती माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "मावशी, आज इंग्रजीचा होता ना?" गाडीची भरपाई कंपनीनं दिली. त्या पेपराची कोण देतं?

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. बाहेरून परीक्षेला बसायचं म्हणते, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे. नवरा तयार आहे, सासरे नाही म्हणतात. मी जाऊन बोलले, तर म्हणाले, "तुमी ड्रायव्हर, तुमाले काय समजते?"

तर जमादार, उद्यापासून तुम्हाला बंदोबस्त नाही. रविवारी सकाळी आठ वाजता मी गाडी घेऊन तुमच्या दारात येते. कामरगावला जाऊ. वर्दी नसली तरी चालेल. मला सांगितलं होतं तसंच तिच्या सासऱ्यांना सांगा, की त्या दिवशी गाडी कोणी ढकलली आणि तिची बारावी कशापायी राहिली. बाकी मी बघते.

त्यांनी मान हलवली आहे. सभागृह साक्षीला आहे.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, आपले मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर बहीण समजून पोटात घाला. आणि दुर्गाबाई, रविवारी तुमीबी चला. निकिताची सासू पुरुषांसमोर बोलत नाही. तिच्या मनात काय आहे, ते अजून कोणी विचारलंच नाही.

नमस्कार.