बाबांचा चहा

नेपाळी हॉटेलात गर्दी होती, म्हणून चहाची वाट बघत बसलेल्या एका शिंप्याच्याच टेबलावर दोघं भावंडं येऊन बसली.

"घर सोडून बाबा रोज इथे चहाला का यायचे?"

"घरी बोलायला कोण होतं, दादा?"

"मी तर मागच्याच गल्लीत आहे."

"म्हणूनच विचारते. वर्षात किती वेळा पायरी चढलास?"

"तू तरी कुठे फिरकलीस? पुलापलीकडे तर सासर तुझं."

मालकीणबाईंनी चहा आणून ठेवला.

"तुम्ही काकांची मुलं ना? नाक अगदी तेच. फार वाईट झालं. नेहमी सांगायचे, मुलं परदेशात असतात, नाहीतर भेटायला यायचा एक दिवस चुकवला नसता त्यांनी. कधी पोचलात?"

बहिणीने कप जवळ ओढला.

"कालच," भाऊ म्हणाला. "विमानाला उशीर झाला."